परक्या बाजारात पत उभी करताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कोणी अनोळखी इसम उधारीवर माल मागू लागला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणाकडून आलात?’ कागदपत्रे त्यानंतर. ज्या घरात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, त्याच घरातील पदवीधर मुलगा टोरांटो किंवा ब्रॅम्प्टनला उतरतो आणि संगणकासमोर बसून दिवसाला पन्नास अर्ज धाडतो, तेव्हा नेमका हाच प्रश्न तो विसरलेला असतो. उत्तरे येत नाहीत. घरून आणलेल्या रकमेतून तळघरातील खोलीचे भाडे जात राहते आणि रविवारच्या फोनवर ‘चालू आहे प्रयत्न’ यापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

त्याच्या पदवीवर कोणी संशय घेतलेला नसतो. त्या बाजारात त्याच्याविषयी दोन शब्द सांगणारे कोणी नसते. कॅनडात या अडचणीला बरीच वर्षे एक सभ्य नाव होते : ‘कॅनेडियन अनुभव’. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने 2013 मध्ये अशी सरसकट अट भेदभावाची ठरते, असे धोरण जाहीर केले. 1 जानेवारी 2026 पासून त्या प्रांतात 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहीर जाहिरातीत ही अट घालता येत नाही. ज्याची मुलाखत घेतली त्याला 45 दिवसांत निर्णयाविषयी कळवणेही बंधनकारक झाले आहे. जाहिरातीतून अट गेली. मालकाच्या मनातून ती इतक्या लवकर जाईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आपल्याकडचा बायोडेटा स्थळ दाखवताना द्यावा तसा असतो : छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, विवाहित की अविवाहित. तेथे यातले काहीच लिहीत नाहीत. दोन पानांत केलेले काम सांगायचे, तेही आकड्यांसह. वडिलांच्या पेढीवर पाच वर्षे बसलेला मुलगा ‘घरचा व्यवसाय’ या दोन शब्दांत ती वर्षे उरकतो, किंवा संकोचाने गाळूनच टाकतो. वास्तविक मालाचा साठा, येणी-देणी, जीएसटीचे विवरणपत्र, ट्रकचे भाडे हे सारे त्याने सांभाळलेले असते आणि तेथील गोदामांना व हिशेब विभागांना हीच कामे जाणणारी माणसे लागतात. चार्टर्ड अकाउंटंटला प्रांताच्या व्यावसायिक संस्थेने मान्यता देईपर्यंत तेथील सीपीए ही उपाधी लावता येत नाही. हिशेबनिसाचे काम मात्र करता येते.

‘कोणाकडून आलात’ याचे उत्तर तेथेही तयार करता येते. ट्रायेक ही टोरांटोची संस्था 2004 पासून नवागताची त्याच्याच व्यवसायातील अनुभवी माणसाशी गाठ घालून देते. स्थायी निवासाचा परवाना असलेल्यांना सरकारी अनुदानावरील संस्था अर्जलेखन व मुलाखतीची तयारी विनामूल्य करवून घेतात. एटोबिकोच्या जैन मंदिरात पर्युषणात भेटणारी कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे पहिल्याच भेटीत ‘नोकरी लावा’ म्हणणे बरे नव्हे. त्यांच्या क्षेत्रातील काम कसे चालते हे विचारणाऱ्याला लोक आपणहून वेळ देतात.

पहिले काम बहुधा गोदामात मिळते, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. तेथे कोणता माल हाताळायचा हे नोंदणीच्या वेळीच विचारावे, कारण त्या परिसरात मांसप्रक्रियेचे कारखानेही आहेत. डिसेंबरात टोरांटोचा सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. दुपारी तीनच्या पाळीत जेवणाची सुट्टी अंधार पडल्यावरच येते. चौविहार पाळणाऱ्याने सकाळची पाळी मागावी. श्रद्धेसाठी अशी सोय, धंद्याला अवाजवी अडचण होत नसेल तोवर, करून देणे ओंटारिओत मालकाचे कर्तव्य आहे. मात्र ती मागावी लागते. न सांगता कोणी ओळखत नाही.

हताश मुलाच्या खिशाकडे डोळा ठेवून बसणारेही असतात. परदेशी कामगार नेमण्यासाठी लागणारे एलएमआयए हे मंजुरीपत्र लाखो रुपयांना विकणारे दलाल भेटतात. त्याचे सरकारी शुल्क दर पदामागे 1000 डॉलर असून ते मालकानेच भरायचे असते. कामगाराकडून वसूल करणे बेकायदा आहे. वडिलांनी अशा ठिकाणी पैसे पाठवले, तर रकमेबरोबर मुलाचा परवानाही धोक्यात येतो.

सर्वांत अवघड जागा मात्र घरीच असते. ‘मुलगा काय करतो?’ असे लग्नघरात कोणी विचारले की वडील ‘कंपनीत आहे’ म्हणून विषय बदलतात, आणि ते मुलाच्या कानावर जाते. पेढी काढणाऱ्या आजोबांनीही आधी दुसऱ्याच्या गादीवर दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या, ही गोष्ट अनेक घरांत अभिमानाने सांगतात. तिकडचे पहिले तीन महिने जांगड मालासारखेच असतात : त्या मुदतीत पूर्वसूचना न देता कामावरून कमी करण्याची मालकाला मुभा असते. ते पार पडले आणि पुढच्या अर्जावर संदर्भ म्हणून आपले नाव द्यायला तेथील सुपरवायझर राजी झाला, की रविवारच्या फोनवर सांगण्यासारखे काही तरी असते.