प्रीतीचें गाणें आणि आपलें घर

हल्लीं सुशिक्षित घरांतील वडील माणसांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. घरांतील मुलगी अभ्यासाला बसलेली असते, दोन्ही कानांत गाणें ऐकण्याचीं बोंडें असतात, आणि जें गाणें ती ऐकत असते तें मराठी नसतें, हिंदी नसतें, इंग्रजीहि नसतें. तें असतें कोरियन! ही तक्रार आतां केवळ मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीं. हातांतील फोनानें अंतर उरूं दिलें नसल्यामुळें यवतमाळ, पुसद, वणी येथील घरांतहि हे सूर येऊन पोहोंचले आहेत. “ज्या भाषेचें एक अक्षर कळत नाहीं, त्या भाषेंतील प्रेमगीतानें हिच्या डोळ्यांत पाणी कां यावें?” असें आजोबा विचारतात. प्रश्न थट्टेनें विचारलेला असला, तरी त्याचें उत्तर थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कोरिया हा वडीलधाऱ्यांचा मान राखणारा देश आहे. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीचे संस्कार तेथील कुटुंबव्यवस्थेवर शतकानुशतकें झालेले आहेत. समोरचा मनुष्य वयानें अथवा मानानें मोठा असेल, तर बोलणाराचें क्रियापदहि तेथें बदलतें. तरुणी आपल्याहून मोठ्या भावास ‘ओप्पा’ म्हणून हांक मारते, आणि वयानें मोठ्या असलेल्या प्रियकरासहि पुष्कळदां त्याच नात्याच्या शब्दानें संबोधते. आमच्या वाचकभगिनींस यांत फारसें नवल वाटूं नये. पतीचें नांव न घेतां ‘अहो’ एवढ्या दोन अक्षरांवर उभा संसार करणाऱ्या आपल्या आजीपणजींनीं, मनांतील माया प्रगट करावयाची ती उखाण्यांत केली. जेथें घर बोलूं देत नाहीं, तेथें प्रीति गाण्याच्या आश्रयाला जाते. कोरियन प्रेमगीतांचा ओढा आपल्या मुलींस कां वाटतो, याचें एक कारण आमच्या मतें येथेंच आहे. त्या गीतांमागचें संकोचाचें घर त्यांना ओळखीचें वाटतें.

हीं गाणीं कालचीं दिसत असलीं, तरी त्यांची मुळें जुनीं आहेत. ‘आरिरांग’ हें तेथील लोकगीत घाट ओलांडून निघून जाणाऱ्या प्रिय व्यक्तीविषयीं आहे. किम सोवोल या कवीचा ‘अझेलियाचीं फुलें’ हा संग्रह १९२५ सालीं, म्हणजे कोरिया जपानच्या अमलाखालीं असतांना प्रसिद्ध झाला. त्यांतील त्याच नांवाच्या कवितेंत, सोडून जाणाऱ्याच्या वाटेवर फुलें पसरण्याची भाषा आहे. २००३ सालीं माया नांवाच्या गायिकेनें हीच कविता नव्या वाद्यांच्या कल्लोळांत गाइली. मधल्या काळांत, १९९२ सालीं, सो ताईजी व त्याचे साथीदार यांनीं तेथील तरुणांच्या संगीताला नवें वळण दिलें होतें. २०१३ च्या जून महिन्यांत सात तरुणांचा ‘बीटीएस’ हा संच पुढें आला व पाहतां पाहतां जगभर गेला. आयू या गायिकेचें २०१७ सालचें एक गीत आहे. त्याच्या नांवाचा अर्थ ‘रात्रीचें पत्र’ असा होतो. पत्रें लिहिण्याचें ज्या पिढीनें सोडून दिलें, तिला पत्राचें गाणें गोड लागावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोरियन भाषेंत ‘सल्लेम’ असा एक शब्द आहे. भेटीच्या आधीं, अजून कांहींच घडलेलें नसतांना, मनांत जी कंपित आतुरता दाटून येते तिचें तें नांव. आपल्याकडे हुरहूर, ओढ, चुटपुट हे शब्द त्याच्या आसपासचे आहेत. परंतु ते घरांत मोठ्यानें उच्चारले जातात काय? मुलगी ‘सल्लेम’ शिकते आणि ‘हुरहूर’ विसरते, याचा दोष कोरियाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

आपल्या पूर्वजांच्या वेळीं तरी निराळें काय होतें? लावणी फडावर राहिली. प्रतिष्ठित घराच्या उंबऱ्याआंत तिला कधीं मोकळेपणीं येतां आलें नाहीं. पुढें १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें. फारसीचे पंडित माधव जूलियन यांनीं ‘गज्जलांजली’ हा संग्रह १९३३ सालीं प्रसिद्ध केला, आणि परक्या भाषेंतील प्रीतीची रीत मराठींत रुजविली. वऱ्हाडांतच, बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजांत ग्रामोफोनच्या तबकडीवर आली, आणि भावगीत मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरलें. म्हणजे परक्या वृत्तानें आणि परक्या यंत्रानें आलेलें प्रेमगीत आपलेंसें करून घेण्याची विद्या आपल्याला नवी नाहीं.

याचें सर्वांत जिवंत उदाहरण खुद्द यवतमाळांत घडलें. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं येईपर्यंत निजामाच्या अमलांत होता, आणि उर्दूची लय या मातीला परकी नव्हती. त्याच यवतमाळांत वकिली करणारे व शिकारीचा शौक असणारे वासुदेव वामन तथा भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांनीं शायरी शुद्ध मराठींत आणून दाखविली. “दोस्तहो” अशी श्रोत्यांना साद घालून ते मैफल रंगवीत. त्यांच्या काव्यांतील आशक पायांवर लोळण घेणारा नाहीं. तो प्रेम करतो, पण आपला ताठा सांभाळतो, आणि प्रसंगीं आपल्याच फजितीवर मनमुराद हंसतो. इतकेंच नव्हे, तर तो म्हातारा होतो, मृत्यूशीं थट्टा करतो, आणि त्या थट्टेंतहि त्याची रसिकता सुटत नाहीं. परक्या बागेंतलें कलम आपल्या अंगणांत लावतांना मातीचा गुण त्याच्यांत कसा उतरवावा, याचा तो पाठच आहे.

हा पाठ येथें सांगण्याचें कारण असें, कीं कोरियन प्रेमगीतांत नेमकी याच गोष्टीची उणीव आम्हांस भासते. तीं गाणीं बहुधा पहिल्या भेटीच्या उंबरठ्यावर, नाहींतर ताटातुटीच्या क्षणापाशीं थांबतात. त्यांच्यामागें मोठा व्यापार आहे. कंपन्या तरुण मुलामुलींना वर्षेंच्या वर्षें गाण्यानाचण्याची तालीम देतात, आणि प्रीतीचीं गाणीं गाणाऱ्या या कलावंतांनीं स्वतः मात्र उघडपणें कोणावर प्रीति करूं नये, अशी बंधनें अनेकांवर लादलेलीं असतात. विकावयाची असते ती हुरहूर. ती पुरी झाली कीं माल संपला! दोन माणसांनीं एका छपराखालीं वीस वर्षें काढल्यावर, आजारपण, पैशाची ओढाताण आणि सासूसासऱ्यांची सेवा यांतून जें उरतें, त्याला त्या सुरांत क्वचितच जागा मिळते. गंमत अशी कीं, त्यासाठींहि कोरियन भाषेंत शब्द आहे. दीर्घ सहवासानें जडलेल्या जिव्हाळ्याला तेथें जो शब्द वापरतात, त्याचा उच्चार आपल्या ‘जंग’ या शब्दाच्या जवळ जातो. अर्थ मात्र अगदीं उलटा! शब्द आहे, पण बाजारांत त्याला गिऱ्हाईक थोडें.

मग एकत्र कुटुंबानें करावें काय? कानांतील बोंडें हिसकावून घेतल्यानें गाणें थांबत नाहीं; तें फक्त अधिक गुप्त होतें, आणि गुप्त झालेली भावना सल्ल्याला पारखी होते. तरुण वयांत मन कोणाकडे तरी ओढ घेणारच. त्या ओढीचें नांव घेण्यास घरांत जागा नसेल, तर मुलगी तें नांव बाजारांतून आणील, आणि उद्यां खरोखरीच कोणी तिला फसविलें किंवा दुखविलें, तर घरच्या माणसांना शेवटीं कळेल. आम्हांस खरें भय वाटतें तें या अबोल्याचें.

यास्तव आमची सूचना साधी आहे. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर मुलीला म्हणावें, “तुझें तें गाणें आम्हांलाहि ऐकव, आणि त्याचा अर्थ सांग.” अर्थ सांगतांना ती अडखळेल, लाजेल; तरी सांगूं द्यावें. मग आजोबांनीं आपल्या तरुणपणचें भावगीत म्हणून दाखवावें, आईनें पाटणकरांच्या चार ओळी वाचाव्या, आणि आजीला आठवत असेल तो उखाणा तिनें घ्यावा. त्या बैठकींत कोणाचें गाणें श्रेष्ठ ठरतें, याला महत्त्व नाहीं. आजीनेंहि कधींकाळीं कोणाची वाट पाहिली होती, हें नातीला त्या रात्रीं कळेल. आणि तिच्यावर तशी वेळ येईल तेव्हां ती आधीं आजीपाशीं येऊन बसेल.