मुक्या माराची जबानी

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शब्दांची वये काढणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जखमेचेही वय काढतात हे मला ठाऊक नव्हते. ते कळले तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मेहकर तालुक्यातल्या गावी माझे चुलतकाका राहत. सत्तरी ओलांडलेली. पोळ्याच्या संध्याकाळी खताच्या पैशांवरून त्यांचे आणि मुलाचे वाजले. पैसे मुलाने केव्हाच त्यांच्या हाती दिले होते. काका ते साफ विसरले होते. शब्दाने शब्द वाढला आणि पोराने त्यांना ढकलले. ते ओट्याखाली पडले, उठले, पुरणपोळीही जेवले. सकाळी मात्र उठलेच नाहीत. डोक्याला ना खोक, ना रक्त. पण भांडण साऱ्या गल्लीने पाहिलेले! पोलीस माझ्या चुलतभावाला घेऊन गेले आणि प्रेत शवविच्छेदनाला गेले.

‘मुका मार’ हा आपला शब्द मोठा नेमका आहे. कातडी फाटत नाही, जखम बोलत नाही. पुढे अहवाल आल्यावर एका जाणत्या डॉक्टरांनी मला समजावले, की हा मुका मार बोलतो, फक्त त्याची भाषा यावी लागते.

कवटीच्या आत मेंदूवर एक जाड आवरण असते. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या ठोक्यानेही एखादी तुटते. रक्त आवरणाखाली साचते. मग शरीर आपल्या परीने डागडुजी सुरू करते, आणि तिचे वेळापत्रक ठरलेले असते. काही तासांत पांढऱ्या पेशी धावून येतात. दोन-तीन दिवसांत सफाई करणाऱ्या मोठ्या पेशी तांबड्या पेशी गिळू लागतात, आणि रक्तातले लोह त्यांच्या पोटात साठते. ते डोळ्यांना दिसत नाही. परंतु माक्स पेर्ल्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ साली सांगितलेल्या रासायनिक प्रक्रियेने ते गर्द निळे उमटते. चित्रकारांचा प्रशियन निळा तो हाच! आठवडाभरात आवरणाच्या बाजूने गुठळीवर पातळ पापुद्रा धरतो. आणखी एक-दोन आठवड्यांनी मेंदूच्या बाजूनेही धरतो. गुठळी जणू पिशवीत बांधली जाते.

काकांच्या डोक्यात अशी दुहेरी पिशवी निघाली. आत काळपट, पातळ झालेले रक्त. एका रात्रीत अशी पिशवी तयार होत नाही. तेव्हा काकूंना आठवले, की नागपंचमीच्या सुमारास त्यांचे डोके गोठ्याच्या चौकटीवर आपटले होते. त्यानंतरच त्यांचा पाय ओढू लागला, विसर पडू लागला, चिडचिड वाढली. म्हणजे ज्या विसरण्यावरून भांडण झाले, ते विसरणेही बहुधा त्या रक्तानेच घडवले होते.

कायद्याला या गोष्टींचे महत्त्व जुने आहे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयात गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा खटला आला. त्याच्या ठोशांनी बायकोच्या मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी तो खून न मानता सदोष मनुष्यवध मानला आणि सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून वाचतात. तिथे ठोसे आणि मृत्यू यांत वेळच गेला नव्हता. आमच्याकडे सगळा प्रश्न वेळेचाच होता.

मी डॉक्टरांना तारीख विचारली, तेव्हा ते हसले. म्हणाले, “तुमच्या जिल्ह्यातलं लोणारचं विवर घ्या. उल्केनं केलेली जखम. एका पद्धतीनं वय निघालं सुमारे बावन्न हजार वर्षं, पुढं आर्गॉन मोजून निघालं सुमारे पाच लाख सत्तर हजार. आम्ही तर मेंदूचं सांगतो. दोन आठवड्यांहून जुनं, एवढं लिहिलंय. वार विचारू नका.”

चुलतभावावर खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. गावही हळूहळू निवळले. पण अहवालात आणखी एक ओळ होती: जुन्या रक्तात थोडे ताजे रक्त मिसळलेले आढळले. पापुद्र्यातल्या नव्या शिरा फार नाजूक असतात. त्या आपोआप पाझरतात, आणि धक्क्यानेही. कोणत्या कारणाने पाझरल्या, हे सूक्ष्मदर्शकाला सांगता येत नाही.

गेल्या पोळ्याला बैल ओवाळून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, ताजं किती होतं?”

अहवालात ‘थोडे’ हाच शब्द होता. तोच मी त्याला सांगितला.