पुडीला नाक लावू नका

आंब्याच्या हंगामात अन्नसुरक्षा अधिकारी बाजारातल्या गाळ्यात शिरतो, पेटीतला पेंढा बाजूला करतो आणि कागदात गुंडाळलेली करड्या खड्यांची पुडी हाताला लागते. कार्बाइडच ना, याची खात्री करायला हात आपसूक नाकाकडे जातो. प्रशिक्षणात सगळ्यात आधी मोडायची सवय हीच.

आढीतला आंबा स्वतःच सोडलेल्या इथिलीन वायूने पिकतो. कॅल्शियम कार्बाइडला हवेतला ओलावा लागला, की ॲसिटिलीन सुटतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. लसणासारखा जो उग्र दर्प येतो, तो मात्र बाजारू कार्बाइडमधल्या अशुद्धींचा. त्यात फॉस्फीन हा विषारी वायू असतो, आर्सेनिकचाही अंश असू शकतो. म्हणजे वास घेऊन ओळख पटवणारा माणूस ज्याच्यापासून लोकांना वाचवायला आला, तेच छातीत भरून घेतो. ॲसिटिलीन वायूने फळे पिकवून विकण्यावर 2011 च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायू वापरता येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंतच.

खरी जोखीम जप्तीनंतर सुरू होते. एक किलो कार्बाइडवर पाणी पडले तर सुमारे 300 लिटर ॲसिटिलीन निघतो, शिवाय उष्णताही. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन मिसळला तरी ठिणगी पुरते. म्हणून जप्त माल ‘नष्ट’ करायला त्यावर बादली ओतणे किंवा तो गटारात टाकणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. प्लास्टिकच्या पिशवीत सील केला तर मे महिन्याच्या दमट हवेत पिशवी फुगू लागते. त्यासाठी कोरडा, घट्ट झाकणाचा लोखंडी डबाच हवा. तांब्याचे भांडे मुळीच नको, कारण ॲसिटिलीन आणि तांबे यांच्यापासून धक्क्यानेही फुटणारे संयुग तयार होऊ शकते. डोळ्यांवर चष्मा, हातात कोरडे मोजे. खड्यांची भुकटी डोळ्यात गेली, तर तिथल्याच ओलाव्याने चुना तयार होऊन डोळा भाजतो.

हे सारे त्या अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. त्याची पदवी पशुवैद्यकाची, दुग्धतंत्राची किंवा शेतीची असू शकते, आणि यात त्याचा काही दोष नाही.

भोपाळमध्ये 1984 च्या वायुदुर्घटनेच्या वेळीही कारखाना तपासणीची जबाबदारी असलेले दोन्ही निरीक्षक यंत्र अभियंते होते, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. फिरण्यासाठी त्यांना बस आणि आगगाडीचाच आधार होता. यंत्र उघडे आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, हे त्यांना अचूक दिसले असते. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले तर काय होईल, हे ओळखायला वेगळी नजर लागते आणि ती त्यांना कुणी दिलीच नव्हती. पुढे 1987 मध्ये कारखाना कायदा सुधारला, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. त्या नियमांवर बोट ठेवून तपासणी करणाऱ्याला रसायनशास्त्र शिकवणे हे काम मात्र आजही प्रत्येक नव्या नेमणुकीबरोबर पहिल्यापासून करावे लागते.

पालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाला तर नाक सरळसरळ फसवते. मॅनहोलमधल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास आधी सडक्या अंड्यासारखा येतो. दहा लाखांत शंभराच्या आसपास प्रमाण गेले, की वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजून माणूस खाली वाकतो. पाठोपाठ त्याला काढायला दुसरा उतरतो. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी 60 टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे होते, असे अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने 1986 मध्ये नोंदवले होते. म्हणून आधी दोरीने वायुमापक खाली सोडायचा, आणि आकडा पाहिल्याशिवाय कुणालाही उतरू द्यायचे नाही.

रस्त्यावर कलंडलेल्या टँकरजवळही हीच शिस्त. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभे राहून पाटी वाचायची. 1017 म्हणजे क्लोरीन, 1005 म्हणजे अमोनिया, 1402 म्हणजे आपले कार्बाइड. सोबतचा संकेत 4 ने सुरू होत असेल, तर पाणी अजिबात मारायचे नाही. रासायनिक आपत्तीत काय करायचे याचे प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अकादमीत (पूर्वीचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय) मिळते. बाजारात पेंढा उपसणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंतही ते पोहोचायला हवे.

कारण छापा संपतो, पंचनामा होतो, पण डबा कार्यालयाच्या कपाटातच राहतो. महिनाभराने पाऊस सुरू होतो, भिंतीला ओल येते. तो डबा त्याआधीच घातक कचरा हाताळणाऱ्या केंद्राकडे रवाना झालेला असला पाहिजे.