सहसंबंध आणि कारण : वाचनविषयक एका संशोधनाच्या निमित्ताने

दोन गुण एकत्र वाढतात वा घटतात, एवढ्यावरून त्यांतील एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे सूत्र आपल्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. परंतु निरीक्षणांत काही वर्षांचे अंतर असले, की तेच सूत्र विसरले जाते. जे आधी मोजले तेच कारण, असा ग्रह होऊन बसतो.

लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांचे ऑक्सफर्ड येथील संशोधन १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाचता न येणाऱ्या, चार-पाच वर्षांच्या ४०३ मुलांस त्यांनी तीन-चार शब्दांतून विजोड ध्वनीचा शब्द ओळखावयास सांगितले. मराठीत ‘पान, कान, मान, दोर’ यांतून ‘दोर’ निवडावा, तसे. हे ज्यांस चांगले जमले, त्यांचे वाचन व वर्णलेखन पुढील काही वर्षांत सरस ठरले. बुद्धिमत्ता व स्मरणशक्ती यांचा प्रभाव वगळूनही हा संबंध उरला. तथापि, जे मोजले तेवढेच वगळता येते. घरी रोज बडबडगीते व गोष्टी ऐकवल्या जात असतील, तर ध्वनींची जाण आणि वाचन ही दोन्ही त्यामुळेच सुधारणे शक्य आहे. कालक्रमाने या तिसऱ्या घटकाचे निरसन होत नाही.

संशोधकांनी हे जाणले होते, आणि येथेच त्यांच्या कामाचे खरे मोल आहे. ध्वनिवर्गीकरणात मागे असलेल्या ६५ मुलांचे गट पाडून त्यांनी काहींना दोन वर्षांत ४० पाठ दिले. एका गटास ध्वनींचे, दुसऱ्यास ध्वनींबरोबर प्लॅस्टिकच्या अक्षरांचे शिक्षण मिळाले. तिसऱ्याने तीच चित्रे अर्थानुसार लावली. अक्षरे हाताळणारा गट अर्थाच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेला. केवळ ध्वनी शिकलेला गटही पुढे होता, पण तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. निबंधाच्या शीर्षकातील ‘कार्यकारण-संबंध’ हा शब्द मला म्हणूनच थोडा धीट वाटतो.

उलट दिशेचाही पुरावा आहे. जोझे मोराइश व सहकाऱ्यांना १९७९ मध्ये पोर्तुगालमध्ये असे आढळले, की निरक्षर प्रौढांस शब्दारंभीचा वर्ण गाळणे वा जोडणे बहुधा जमत नाही, प्रौढपणी साक्षर झालेल्यांस मात्र जमते. म्हणजे यमक ऐकू येणे वाचनाच्या आधीचे असले, तरी सुटा वर्ण ऐकू येणे हे बऱ्याच अंशी वाचनाचेच फळ असावे.

देवनागरीतील ‘क’मध्ये ‘अ’ अंतर्भूत असतो. तेव्हा आपल्याकडे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. मराठी मुलांवर असा अभ्यास योजणाऱ्याने पहिली चाचणी मुळाक्षरे गिरवण्यापूर्वीच घेतली पाहिजे.