जग असेपर्यंतचा करार

दोन व्यवहारी माणसे करार करतात, तेव्हा तो मोडला तर दाद मागावयास राजाचा दरबार असतो. परंतु खुद्द राजाच करार करावयास बसला, आणि तोही आपल्या मृत्यूनंतर पाळावयाचा, तर त्याने कोणाच्या भरवशावर निश्चिंत व्हावे? हा प्रश्न इंग्लंडच्या सातव्या हेन्‍रीला पडला होता. त्याने शोधलेले उत्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एका सुवर्णरंजित हस्तलिखिताच्या रूपाने आजही पाहावयास मिळते. १६ जुलै १५०४ या तारखेचे हे करारपत्र वेस्टमिन्स्टर ॲबेचे मठाधिपती जॉन आइस्लिप व त्यांचे मठवासी यांच्याशी झालेले आहे.

प्रथम या राजाची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १४८५ साली बॉस्वर्थच्या रणांगणावर तिसऱ्या रिचर्डला पाडून त्याने राजमुकुट मिळविला होता. वंशाच्या दृष्टीने त्याचा हक्क दुबळा होता. १४८६ साली त्याने विरुद्ध पक्षाच्या घराण्यातील एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्याशी विवाह केला आणि दोन घराण्यांचे वैर मिटविले. तरीही तोतये उभे राहतच होते. पुढे राज्य स्थिरावते न स्थिरावते तोच घरावर आघात झाले. १५०२ साली थोरला पुत्र आर्थर वारला. २४ जानेवारी १५०३ रोजी वेस्टमिन्स्टर येथे नव्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी झाली, आणि अवघ्या अठरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीस, राणी एलिझाबेथही गेली. ज्या मंदिराचा पाया घातला तेच आता आपल्या कुटुंबाचे समाधिस्थान होणार, हे राजाला उमगले.

तत्कालीन ख्रिस्ती श्रद्धेनुसार सामान्य पुण्यवान माणसाचा आत्माही मृत्यूनंतर थेट स्वर्गात जात नसे. राहिलेल्या दोषांचे क्षालन होईपर्यंत त्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागत. मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरील पवित्र प्रार्थनाविधी, अर्पण केल्यास त्या यातना कमी होत. म्हणून ऐपतदार माणसे जमिनी देऊन धर्मगुरूंची कायमची नेमणूक करून ठेवीत. राजाने तेच केले, मात्र राजाच्या प्रमाणात. मठाला त्याने मोठे उत्पन्न लावून दिले. लंडनमधील सेंट मार्टिन ल ग्रँड हे जुने धर्मपीठही त्याच्या मालमत्तेसह मठाकडे सोपविले. मोबदल्यात मठाने काय करावयाचे, ते करारात बारकाईने लिहिले गेले.

या प्रकारच्या कराराला इंग्रजी कायद्यात ‘इंडेंचर’ म्हणतात. लॅटिन भाषेत दाताला जो शब्द आहे त्यापासून हे नाव आले. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा किंवा अधिक वेळा लिहावयाचा आणि मग मधून नागमोडी किंवा दातेरी रेषेत कापून प्रत्येक पक्षाला एकेक तुकडा द्यावयाचा, अशी मूळ रीत होती. पुढे तंटा उपस्थित झाला तर दोन तुकडे शेजारी ठेवीत. दात्यांत दाते बसले तर कागद खरा. न बसले तर कोणीतरी लबाडी केली. अक्षर गिरवता येते, मोहोर बनावट करता येते, पण हाताने सहज कातरलेली वेडीवाकडी रेषा पुन्हा तशीच कातरणे महाकठीण. या युक्तीत आणखी एक तत्त्व होते. प्रत्येक पक्षाजवळ सारखाच मजकूर राही, आणि कोणाचाच तुकडा एकट्याने पुरा पुरावा नसे.

हेन्‍रीचा करार एका तुकड्यावर मावणारा नव्हता. त्याची ग्रंथासारखी बांधणी करावी लागली. तरीही पानांच्या वरच्या कडा नागमोडी कातरून जुना नियम पाळला गेला. ग्रंथाला मखमलीचे वेष्टन आहे, आणि मोहरा जपण्यासाठी धातूच्या डब्या आहेत. आरंभीच्या मोठ्या अक्षराच्या पोकळीत चित्र काढले आहे. सिंहासनावर बसलेला राजा हाच ग्रंथ मठाधिपतींच्या हाती देत आहे आणि मठवासी गुडघे टेकून तो स्वीकारीत आहेत. नक्षीत ट्यूडर घराण्याचा गुलाब आणि किल्ल्याच्या लोखंडी जाळीचे त्याचे राजचिन्ह आहे. ही केवळ सजावट नव्हे. करार झाला त्या क्षणाचे चित्र कराराच्या पहिल्याच पानावर काढून राजाने त्याला साक्षीपुराव्याचे बळ दिले.

अटी वाचल्या म्हणजे राजाच्या मनाची काळजी दिसते. धर्मशास्त्रात पदवी मिळविलेले तीन मठवासी केवळ या प्रार्थनांसाठी नेमावयाचे होते. दर आठवड्याला स्मरणविधी आणि वर्षातून एकदा मोठा वार्षिक विधी व्हावयाचा होता. तेरा गरीब पुरुषांना, त्यांपैकी एक धर्मगुरू, मठाच्या आश्रयाने निवारा व निर्वाह मिळावयाचा होता आणि त्यांनी राजासाठी प्रार्थना करावयाची होती. मठाला विसर पडू नये म्हणून करार दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवावयाचा होता; कसूर झाल्यास दंडाची तरतूद होती. एवढ्यानेही समाधान न होऊन राजाने इतर मोठ्या धर्मसंस्थांशी निराळे करार करून आपल्या स्मरणविधीत त्यांनाही गुंतविले.

आणि मुदत? जग असेपर्यंत. आपल्याकडील ताम्रपटांत व दानशिलांवर ‘आचंद्रार्क’ असा शब्द येतो, शिळेवर चंद्रसूर्य कोरलेले असतात, त्याच जातीची ही भाषा होय.

२१ एप्रिल १५०९ रोजी हेन्‍री वारला. मृत्युपत्रात त्याने मृत्यूनंतर लगोलग दहा हजार मिस्सा म्हणाव्यात असेही सांगून ठेवले होते. मंदिर पुरे झाले; फ्लॉरेन्सचा शिल्पकार पिएत्रो तोरिजानो याने राजा व राणी यांच्या सुंदर धातुमूर्ती घडविल्या. मठाधिपती आइस्लिप १५३२ पर्यंत जगले आणि त्यांच्या हयातीत विधी चालत राहिले. मग संकट आले, ते परक्याकडून नव्हे. राजाचा पुत्र आठवा हेन्‍री याने रोमच्या पोपशी संबंध तोडून १५३४ साली स्वतःला इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा प्रमुख ठरविले आणि एकेक मठ बंद करविला. जानेवारी १५४० मध्ये वेस्टमिन्स्टरचा मठही विसर्जित झाला. १५४७ साली, सहाव्या एडवर्डच्या, म्हणजे नातवाच्या राज्यात, मृतांसाठी प्रार्थना म्हणविणारी धर्मादाय स्थानेच कायद्याने खालसा झाली. नात मेरी हिने १५५६ साली मठ पुन्हा उभारला. परंतु दुसरी नात एलिझाबेथ गादीवर येताच, १५५९ साली, तो पुन्हा बंद झाला. जग असेपर्यंतची मुदत प्रथम छत्तिसाव्या वर्षीच संपली होती.

कातरलेल्या कडांत दोष नव्हता. खोटा कागद, विसराळू मठवासी, लोभी कारभारी या साऱ्यांचा बंदोबस्त राजाने केला होता. मात्र करार ज्या श्रद्धेवर उभा होता ती श्रद्धाच राज्यकर्ते सोडून देतील, आणि त्यांत आपलाच मुलगा पहिला असेल, ही शक्यता कोणत्याही कलमात बसणारी नव्हती.

इंडेंचर हा शब्द मात्र मागे राहिला. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने कडा प्रत्यक्ष कातरण्याची गरज उरली नाही. दस्तऐवजांच्या आरंभी नाव तेवढे टिकले. त्याच शतकात ते हिंदी मजुरांच्या कपाळी आले. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे जी माणसे करारावर नेण्यात आली, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. त्यांतील बहुतेकांना, ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यातील मजकूर वाचता येत नव्हता. दोन्ही पक्षांनी सारखाच मजकूर सारख्याच हक्काने बाळगावा, हे दातेरी कडेमागील तत्त्व तेथे नाममात्र उरले. मजुरांची ही पाठवणी १९१७ साली थांबली.

तेव्हा राजाचा तो ग्रंथ पाहताना केवळ सोनेरी अक्षरांनी दिपून जाऊ नये. कागद किती खरा हे त्याच्या कडा सांगू शकतात. तो किती काळ पाळला जाईल हे पुढच्या पिढ्यांच्या मनावर राहते, आणि तो न्याय्य आहे की नाही हे दोन्ही पक्षांना तो सारखाच वाचता येतो की नाही यावर. हेन्‍री आणि आइस्लिप या दोघांनाही आपापली प्रत वाचता येत होती. जगाच्या अंतापर्यंत तो करार टिकला नाही, तरी त्या दोघांपैकी कोणीही फसला असे म्हणता येणार नाही.