आधी गोंद ओळखा, मग बाटली भिजवा

नाताळ जवळ आला की वसईत, गोव्यात, वांद्र्याच्या गावठाणांत घरच्या वाइनसाठी रिकाम्या बाटल्यांची जमवाजमव सुरू होते. कोकणात कोकमाचं आगळही अशाच धुतलेल्या बाटल्यांत भरलं जातं. बाटल्या हव्या तितक्या मिळतात, घोडं अडतं ते लेबलापाशी. त्यावर प्रत्येकाकडे एकेक रामबाण उपाय असतो आणि शेजाऱ्याच्या बाटलीवर तो साफ फसतो.

सगळी लेबलं एकाच प्रकारच्या गोंदाने चिकटवलेली असतात, हा मूळ गैरसमज. गोंदाच्या ढोबळमानाने दोन जाती. पहिला ओला गोंद, स्टार्चचा किंवा दुधातल्या केसीनचा. बिअरच्या कागदी लेबलांना बहुधा हा असतो. त्याची घडण हुशारीची आहे: बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवली तरी लेबल सुटू नये, पण परत आलेली बाटली कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्यातून गेली की झटक्यात निघावं. दुसरा गोंद स्टिकरचा, अ‍ॅक्रिलिक किंवा रबरी. हल्लीच्या वाइनच्या बाटल्यांवर बऱ्याचदा हाच सापडतो आणि त्याला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. लेबलाचा कोपरा नखाने उचलून पाहा. कागद फाटला आणि खाली कोरडा, कडक थर दिसला तर पहिली जात. बोटाला चिकटा लागला तर दुसरी.

म्हणूनच ‘रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी आपोआप निघेल’ हे अर्धंच खरं. स्टिकर असेल तर सकाळी कागदाचा लगदा होतो आणि गोंद जागच्या जागी राहतो. स्टिकरला कोरडी उष्णता लागते. बाहेरून बाटली कोरडी ठेवून आत गिझरचं गरम पाणी भरा, काही मिनिटं थांबा आणि कोपरा धरून सावकाश, न थांबता ओढा. हेअर ड्रायरही चालतो. मात्र थंड बाटलीत उकळतं पाणी ओतू नका. साधी काच असा अचानक फरक सोसत नाही, तडकते.

सोड्याबाबतचा घोळ सर्वांत मोठा. भजीत घालतो तो खाण्याचा सोडा अगदी सौम्य अल्कली आहे, ओल्या गोंदावर त्याचा फारसा जोर चालत नाही. इथे हवा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. बादलीभर गरम पाण्यात अर्धी वाटी घालून बाटल्या तासभर बुडवल्या तर ओल्या गोंदाची लेबलं बहुधा तरंगत वर येतात. धुण्याचा सोडा मिळाला नाही, तर खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर तासभर भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 100 ग्रॅमचे साधारण 63 ग्रॅम उरतात आणि ते सोडियम कार्बोनेटच असतं. हातमोजे घाला, आणि अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं किंवा बाटलीची फिरकीची झाकणं त्या पाण्यात घालू नका. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो.

सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढणं हा मोबाइलवरच्या व्हिडिओंचा आवडता खेळ. दिसतं झकास, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं निरुपद्रवी पाणी. व्हिनेगरची खरी गरज नंतर पडते. बोअरच्या जड पाण्यात सोडा घातला की काचेवर पांढरट थर बसतो. तो व्हिनेगरच्या पाण्याने जातो.

‘गोंद चिवट, तर पेट्रोल किंवा थिनर’ हा समज धोक्याचा. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरकत शेगडीपर्यंत पोहोचतात. स्टिकरच्या उरलेल्या चिकट्याला स्वयंपाकघरातलं तेल पुरतं. तेलात खाण्याचा सोडा कालवून लेप द्या, अर्ध्या तासाने चोळा आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन टाका. खाण्याचा सोडा इथे कामाला येतो तो त्याच्या बारीक दाण्यामुळे. काचेपेक्षा बराच मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. हिरव्या खरखरीत स्क्रबरची तशी खात्री नाही. लेप लावताना बाटलीचं तोंड बुचाने बंद ठेवा. आत गेलेलं तेल सहजी निघत नाही आणि पुढे खवट वास मारतं.

लेबल गेलं म्हणजे बाटली वाइनला तयार झाली, असंही नाही. आत बुरशी असेल तर ब्रशने घासावंच लागतं. निर्जंतुक करायला ब्लीच वापरायचा मोह टाळा. क्लोरीन बुचाला लागला, तर बुरशीच्या मदतीने ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं संयुग तयार होऊ शकतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणायला पुरेसे असतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायूच सुटतो, ते तर कधीच नको. सरबतं टिकवायला वापरतात ते केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, हा वाइन करणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग. त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलं की ते नीट काम करतं. दमा असणाऱ्याने मात्र त्याच्या वाफेपासून लांब राहावं.

काही बाटल्यांवर लेबल नसतंच, नक्षी थेट काचेवर छापून भट्टीत पक्की केलेली असते. ती सोड्यालाही दाद देत नाही आणि तेलालाही. तशी बाटली आहे तशी वापरा, नाहीतर भंगारवाल्याला द्या.