निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी

उन्हाळ्याची सुट्टी संपली की हमखास ऐकू येतं : “मालदीवचं पाणी बघा, कसं जिवंत! तळ दिसतो. आणि आपला कोकणचा समुद्र? नुसता गढूळ.” त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं. ते शाळेतल्या विज्ञानाचा आधार घेऊन येत असल्यामुळे जास्त खटकतं : “उष्ण कटिबंधात ऊन भरपूर, पाणी उबदार, मग समुद्रात जीवसृष्टी बहरणारच.” सह्याद्रीतली जंगलं पाहून हे पटतं. समुद्राचा हिशोब मात्र जवळजवळ उलटा आहे.

समुद्रातलं गवत म्हणजे वनस्पतिप्लवक. हे बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे जीव. कोळंबीच्या पिल्लापासून देवमाशापर्यंत जवळजवळ सगळ्यांचं अन्न शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. त्यांना दोन गोष्टी लागतात : उजेड आणि खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, किंचित लोह. जमिनीवर या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात, कारण पडलेलं पान तिथेच कुजतं. समुद्रात मेलेलं सगळं खाली बुडतं. तिथे उजेड वर आणि खत खाली. वरचे शंभर-दीडशे मीटर सोडले की अंधार, आणि नायट्रेटचा साठा नेमका त्या अंधारात.

आता यात उष्णता मिसळा. तापलेलं पाणी हलकं असतं. ते खालच्या थंड, जड पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं पसरून राहतं, आणि वारा जोरदार नसेल तर दोन्ही थर मिसळतच नाहीत. वरच्या थरातलं नायट्रेट प्लवक बघता बघता संपवतात. पुढे कितीही ऊन पडलं तरी वाढ खुंटते. म्हणजे ज्या उबेचं आपण कौतुक करतो, तीच ऊब खताच्या वाटेवर झाकण ठेवते. अशा पाण्यात तग धरतो तो प्रोक्लोरोकॉकस. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असलेला हा जीव १९८८ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तो संख्येने अफाट आहे, पण बांगड्याचं पोट त्याच्यावर भरत नाही.

खुल्या समुद्रातला गडद निळा रंग म्हणूनच समृद्धीचा पुरावा नाही. पाण्यात हिरवं काही नाही, एवढंच तो सांगतो. जगातलं सर्वांत नितळ समुद्राचं पाणी दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यभागी, ईस्टर बेटाच्या आसपास आहे, आणि समुद्रशास्त्रज्ञ त्या भागाला वाळवंटच म्हणतात. मालदीवच्या प्रवाळांचं काय, असं कुणी विचारेल. प्रवाळ आपल्या पेशींत शैवाल सांभाळतात आणि मिळालेल्या खताचा कण न् कण पुन्हा पुन्हा वापरतात. ती वाळवंटातली हिरवी बेटं आहेत. त्यांच्यावरून सगळ्या समुद्राची कल्पना करणं चूक आहे.

एवढ्यानंही खात्री पटत नसेल तर पेरूकडे बघा. लिमा शहर विषुववृत्तापासून साधारण १२ अंशांवर, म्हणजे जवळपास मंगळुरूइतक्याच अंतरावर, फक्त दक्षिणेला. पण तिथलं पाणी गार असतं, कारण किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं खतयुक्त पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. त्या एका देशाने १९७० साली अँचोव्हेटा या एका छोट्या माशाचं एक कोटी टनांहून अधिक उत्पादन घेतलं. भारताच्या संपूर्ण किनाऱ्यावर आज सगळे मासे मिळून वर्षाला साधारण ३५ लाख टन उतरतात. मग १९७२ मध्ये एल निनोमुळे पेरूजवळचं पाणी तापलं. आधीची अतिमासेमारी होतीच. दोन्ही मिळून १९७३ साली ते उत्पादन २० लाख टनांच्याही खाली कोसळलं. ऊन तेवढंच होतं. खत वर येणं थांबलं होतं.

आपल्या अरबी समुद्राची गोष्ट याहून विलक्षण आहे. एप्रिल-मेमध्ये त्याचा पृष्ठभाग ३० अंशांच्या घरात जातो आणि खुल्या समुद्रात प्लवक अगदी विरळ होतात. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा येतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर पाणी वर येऊ लागतं. सोमालियाजवळ ते ऐन जुलैत २० अंशांच्या आसपास उतरतं. आपल्याकडे केरळपासून गोव्यापर्यंत हेच घडतं, जोर कमी आणि उत्तरेकडे तो आणखी ओसरत गेलेला. तारली आणि बांगड्याचं नशीब या हिरव्या पाण्याशी बांधलेलं आहे. म्हणून ‘पावसाळ्यात समुद्र ओस पडतो, म्हणून मासेमारी बंद’ हे ऐकलं की वाईट वाटतं. बंदी असते ती खवळलेल्या समुद्रामुळे आणि अंडी घालणाऱ्या माशांना उसंत मिळावी म्हणून. समुद्र त्या दिवसांत सर्वांत सुपीक असतो.

हिवाळ्यात वेगळीच यंत्रणा चालू होते. उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड करतो, बाष्पीभवनाने तो खारट आणि जड होतो, बुडतो, आणि त्या घुसळणीत खालचं नायट्रेट वर येतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मधुप्रताप, प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये हे मोजमापांसह दाखवलं. उष्ण कटिबंधातला समुद्र थंडीने हिरवा होतो, हे तेव्हापासून सगळ्यांसमोर आहे.

आता बाकीचे समज.

नद्यांचं पाणी आलं की समुद्र सुपीक होतो? बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी ओततात, तरी तो अरबी समुद्रापेक्षा कमी उत्पादक आहे. गोडं पाणी हलकं असतं, तेही झाकणच बनतं.

प्लवक जितके जास्त तितकं चांगलं? नाही. मेलेले प्लवक कुजताना प्राणवायू खातात. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात तो जवळजवळ संपतो.

रात्री लाटा निळ्या चमकतात ते रसायनांमुळे? ते नॉक्टिल्युका आहेत, जिवंत एकपेशीय जीव.

प्लवक संपले तर उद्या आपण गुदमरू? प्रकाशसंश्लेषणातला निम्मा वाटा त्यांचा आहे हे खरं, पण त्यांनी बनवलेला बहुतेक प्राणवायू समुद्रातच वापरला जातो. हवेतला साठा फार जुना आणि प्रचंड आहे. त्यांची काळजी करायची ती अन्नासाठी.

कोकणचा सगळा गढूळपणा प्लवकांचा आहे, असाही दावा मी करणार नाही. खाड्यांचा गाळ, भरती-ओहोटीची ढवळण, शहरांचं सांडपाणी, सगळंच त्यात असतं. किनाऱ्याजवळ उपग्रहसुद्धा गाळ आणि हरितद्रव्य यांत गोंधळतो. पण पाणी निळं नाही म्हणून ते मेलेलं आहे, हा निष्कर्ष सोडून द्या.

आणि समुद्र तापतोय तर मासळी वाढेल, असं कुणी सांगितलं तर त्यांना पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१६चा शोधनिबंध दाखवा. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं त्यांनी नोंदवलं आहे, आणि कारण दिलं आहे ते तापलेल्या पृष्ठभागाने खालच्या खताची वाट अडवल्याचं.